रेडिओ उद्गमांच्या सर्वेक्षणांतील मापनत्रुटी व त्यांचे शोधन : एक समीक्षा

१

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला अधीक्षक विल्यम लॅम्बटन हा हैदराबादहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. वर्धा जिल्ह्यातील ह्या गावीच त्याची कबर आहे. मापनशास्त्राच्या इतिहासाशी हिंगणघाटचा आलेला हा संबंध सामान्यतः एक तारीख व एक स्थळ एवढ्यापुरताच सांगितला जातो. परंतु लॅम्बटनने आयुष्यभर ज्या प्रश्नाशी झुंज दिली तो प्रश्न त्याच्याबरोबर संपलेला नाही. विस्तीर्ण क्षेत्रावर पसरलेल्या असंख्य लहान मोजण्या एकत्र केल्या असता त्यांतील त्रुटी परस्परांना छेदतात की साचत जातात, आणि साचलेली त्रुटी ओळखावयाची कशी, हा तो प्रश्न होय. जमिनीऐवजी आकाश, साखळीऐवजी रेडिओ दुर्बीण आणि त्रिकोणांच्या जाळ्याऐवजी लाखो उद्गमांची यादी एवढा फरक केला, म्हणजे तोच प्रश्न आज रेडिओ खगोलशास्त्रापुढे उभा असल्याचे दिसून येते.

ह्या दृष्टीने प्रस्तुत समीक्षेत मुख्यत्वेकरून एका सर्वेक्षणाचा विचार केला आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे उभारलेल्या, जीएमआरटी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर केलेले टीजीएसएस हे ते सर्वेक्षण होय. महाराष्ट्राच्या भूमीवरून आजवर झालेल्या आकाशाच्या मोजणीत ह्याहून विस्तृत मोजणी क्वचितच आढळेल. म्हणूनच तिच्या गुणांबरोबर तिच्या मर्यादांचीही चिकित्सा होणे अवश्य आहे.

२

प्रथम त्रुटींचे दोन वर्ग स्पष्ट केले पाहिजेत. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ जी आधाररेषा मोजली ती सुमारे साडेसात मैल लांब होती. मोजणीसाठी वापरलेली पोलादी साखळी १०० फुटांची होती. म्हणजे ती सुमारे ४०० वेळा मांडावी लागली. प्रत्येक मांडणीत टोकाची खूण किंचित पुढे वा मागे पडणे ही यादृच्छिक त्रुटी होय. अशा ४०० त्रुटींची बेरीज ४०० पट होत नाही. ती ४०० च्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे २० पटच वाढते. उष्णतेने साखळी लांबणे ही मात्र निराळ्या जातीची त्रुटी आहे. तापमान १ अंश फॅरनहाइटने वाढले असता १०० फूट पोलाद इंचाच्या सुमारे एकशेतिसाव्या भागाने लांबते. हा फरक डोळ्यांस दिसणारा नाही. परंतु तो प्रत्येक मांडणीत त्याच दिशेने पडत असल्याने ४०० मांडण्यांत पुरा ४०० पट होतो आणि तीन इंचांवर जातो. तापमानाच्या नोंदीत १० अंशांची चूक राहिली तर सबंध रेषा अडीच फुटांनी चुकते. लॅम्बटन साखळीशेजारी तापमापक ठेवून प्रत्येक लांबी एका ठरावीक तापमानाला आणीत असे, ते ह्याच कारणाने.

ह्या साध्या हिशेबात पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे. मोजण्यांची संख्या वाढविली की यादृच्छिक त्रुटी सापेक्षतः आक्रसते. पद्धतशीर त्रुटी तशीच राहते. सर्वेक्षण जितके मोठे, तितके त्याचे निष्कर्ष पद्धतशीर त्रुटीच्या अधीन असतात. मोठ्या संख्येने मिळणारा आत्मविश्वास अशा वेळी फसवा ठरतो.

तथापि यादृच्छिक त्रुटीदेखील नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. आर्थर एडिंग्टन याने १९१३ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली. आकाशात मंद उद्गम पुष्कळ व तेजस्वी उद्गम थोडे असतात. गोंगाटामुळे काही उद्गमांचे तेज खऱ्यापेक्षा अधिक व काहींचे कमी मोजले जाते. मर्यादेच्या खालून वर ढकलले जाणारे उद्गम संख्येने अधिक असल्यामुळे वरून खाली येणाऱ्यांनी त्यांची भरपाई होत नाही, आणि दिलेल्या तेजाच्या उद्गमांची संख्या खऱ्याहून अधिक भरते. एकसारख्या भरलेल्या, यूक्लिडीय अवकाशात उद्गमांची विकलित संख्या तेजाच्या उणे अडीचाव्या घाताप्रमाणे बदलते. हा नियम धरला तर एडिंग्टनच्या पहिल्या पदावरून येणारी अतिरिक्त संख्या अशी निघते : उद्गम गोंगाटाच्या १० पट तेजस्वी असताना ४.४ टक्के, ७ पट असताना सुमारे ९ टक्के, ५ पट असताना १७.५ टक्के.

हाच प्रश्न एकेका उद्गमाविषयीही विचारता येतो. एखाद्याचे मोजलेले तेज गोंगाटाच्या ५ पट आहे. तर त्याचे सर्वाधिक संभाव्य खरे तेज किती? वरील वितरण आणि प्रसामान्य त्रुटी गृहीत धरून गणित केल्यास मोजलेल्या तेजाच्या ०.८९ पट असे उत्तर येते. ७ पट असल्यास ०.९५ आणि १० पट असल्यास ०.९७. गोंगाटाशी असलेले हे गुणोत्तर १० च्या वर्गमूळाखाली, म्हणजे सुमारे ३.१६ खाली गेले, तर समीकरणाला वास्तव मूळच उरत नाही. ह्याचा अर्थ असा की त्या पातळीवर मोजलेला आकडा त्या उद्गमाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. पाचपट वा सातपट गोंगाटाची मर्यादा घालण्याची प्रथा केवळ सोयीची नसून तिला असा आधार आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

३

त्रुटीचे शोधन न झाल्यास काय घडते ह्याचे उदाहरण रेडिओ खगोलशास्त्राच्या आरंभीच्या काळातच सापडते. केंब्रिज येथील मार्टिन राइल व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये ८१.५ मेगॅहर्ट्‌झवरील १९३६ उद्गमांची दुसरी केंब्रिज यादी प्रसिद्ध केली. तीवरून राइल व पीटर शॉयर यांनी काढलेला गणनेचा उतार उणे ३ च्या जवळपास होता. स्थिर व एकसारख्या विश्वात तो उणे दीड, किंवा त्याहून सौम्य, असावयास हवा होता. एवढ्यावरून स्थिर-स्थिती सिद्धांत निकालात निघाल्याचे मानले गेले. परंतु सिडनी येथील बर्नार्ड मिल्स व ब्रूस स्ली यांनी १९५७ मध्ये आपल्या क्रॉस-आकाशकाने घेतलेली यादी समोर ठेवली, तेव्हा दोन्ही सर्वेक्षणांत समान असलेल्या आकाशभागात याद्यांचा मेळ जवळजवळ नव्हता. केंब्रिजच्या व्यतिकरणमापकाची शलाका इतकी रुंद होती की तिच्यात एकाच वेळी अनेक मंद उद्गम येत आणि त्यांची एकत्रित लहर एकच तेजस्वी उद्गम असल्याचा भास उत्पन्न करी. ही दाटीची त्रुटी होय.

ह्या वादातून जे चिरस्थायी निष्पन्न झाले ते शॉयर यांचे १९५७ चे विवेचन होय. उद्गम एकेक करून मोजण्याचा आग्रह सोडून, नोंदपट्टीवरील विचलनांचे वितरण जसेच्या तसे घ्यावे आणि कोणत्या गणनानियमातून असे वितरण उपजेल हे शोधावे, अशी त्यांची पद्धती होती. येथे शोधनाची दिशाच उलटली. निरीक्षण खरवडून निर्दोष करण्याऐवजी सिद्धांतालाच त्या सदोष उपकरणातून नेऊन निरीक्षणाशी भिडविले गेले. आजच्या सर्वेक्षणांत कृत्रिम उद्गम प्रतिमेत पेरून त्यांपैकी किती परत सापडतात हे पाहण्याची जी रीत आहे, तिचे मूळ ह्याच विचारात आहे.

फेब्रुवारी १९६१ मध्ये राइल यांनी सुधारलेल्या निरीक्षणांच्या आधारे उणे १.८ च्या सुमाराचा उतार जाहीर केला. त्या वेळी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करीत असलेले कोल्हापूरचे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉइल यांच्यासह त्याच वर्षी प्रतिवाद मांडला. उद्गमांची वाटणी मोठ्या प्रमाणावरही गुठळ्यांची असेल तर निरीक्षक विरळ भागात असण्याचा संभव आहे, आणि तसे असता स्थिर-स्थिती विश्वातही तीव्र उतार दिसू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील गणनांनी हा पर्याय टिकू दिला नाही. उद्गमांची उत्क्रांती सर्वमान्य झाली आणि १९६५ मध्ये पार्श्वप्रारणाच्या शोधाने स्थिर-स्थितीचा पक्ष दुबळा केला. तरीही ह्या प्रतिवादाचे पद्धतीविषयक मूल्य कमी होत नाही. मोजणीतील त्रुटी दूर केल्यावरही नमुना प्रातिनिधिक आहे की नाही हा स्वतंत्र प्रश्न उरतो, हे त्याने दाखविले. केंब्रिजच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : १९५५ चा निष्कर्ष दिशेने खरा ठरला, पण तो ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावा खरा नव्हता. बरोबर उत्तर चुकीच्या मोजणीतून आले, तर त्या मोजणीस मागाहून प्रामाण्य येत नाही.

४

आता टीजीएसएसकडे वळता येईल. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली भारतात रेडिओ खगोलशास्त्राची जी परंपरा निर्माण झाली, तिचा आरंभ १९६५ मध्ये मुंबईजवळच्या कल्याण येथे, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ लहान तबकड्यांच्या व्यतिकरणमापकाने झाला. पुढे १९७० मध्ये उटकमंडची दुर्बीण आली, आणि तीनंतर खोडदची. खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० आकाशक आहेत. १४ मध्यवर्ती भागात दाटीने व उरलेले तीन भुजांवर पसरलेले असून सर्वांत दूरच्या दोहोंतील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

ह्या दुर्बिणीने २०१० ते २०१२ ह्या काळात घेतलेल्या निरीक्षणांवर निराळी प्रक्रिया करून हुइब इंटेमा व सहकारी यांनी २०१७ मध्ये संपूर्ण यादी प्रसिद्ध केली. तीत उणे ५३ अंश क्रांतीच्या उत्तरेचे सुमारे ३६,९०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा नऊ-दशांश भाग आला आहे. दुर्बीण ५,३३६ दिशांना रोखली गेली. गोंगाटाची मध्यक पातळी ३.५ मिलिजान्स्की असून त्याच्या सातपट मर्यादेवर सुमारे ६ लक्ष २४ हजार उद्गम नोंदले गेले. विभेदनक्षमता १९ अंश क्रांतीच्या उत्तरेस २५ विकला आहे. खोडदचे अक्षांश सुमारे १९ अंश व हिंगणघाटचे सुमारे साडेवीस अंश. म्हणजे हिंगणघाटच्या माथ्यावरून जाणारे उद्गम खोडदलाही जवळजवळ माथ्यावरूनच जातात आणि त्यांची प्रतिमा सर्वोत्तम मिळते. दक्षिणेकडे जावे तसतशी शलाका लांबट होत जाते. उणे ५३ अंशांवर तिची लांबी सव्वातीनपट, सुमारे ८१ विकला होते.

ह्या यादीचे खरे यश आयनांबराच्या शोधनात आहे. १५० मेगॅहर्ट्‌झला आयनांबर रेडिओ तरंगांची कला अशी बिघडविते की एकाच दृष्टिक्षेत्रातील निरनिराळ्या दिशांना निरनिराळी दुरुस्ती लागते. सबंध क्षेत्राला एकच दुरुस्ती लावण्याची जुनी रीत येथे अपुरी पडते. इंटेमा यांच्या पद्धतीत क्षेत्रातील तेजस्वी उद्गमांवरून आयनांबराचे एक प्रतिमान बसविले जाते व त्यावरून प्रत्येक दिशेची दुरुस्ती काढली जाते. तिच्यामुळे उद्गमांची स्थाने दोन विकलांच्या आत आली. स्थानांच्या बाबतीत ही यादी निःसंशय भरवशाची आहे.

५

तेजाच्या प्रमाणाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. कर्त्यांनी स्वतःच तेजाची अचूकता सुमारे १० टक्के सांगितली होती. नताशा हर्ली-वॉकर यांनी २०१७ मध्येच ऑस्ट्रेलियातील ग्लीम सर्वेक्षणाशी तुलना करून असे दाखविले की ही त्रुटी उद्गमागणिक विखुरलेली नसून आकाशाच्या सलग तुकड्यांत एकाच दिशेने झुकलेली आहे. एका भागातील सर्व उद्गम अधिक तेजस्वी, तर शेजारच्या भागातील सर्व मंद, असे चित्र दिसते. ह्याची शक्य कारणे समजण्यासारखी आहेत. तेजाचे प्रमाण काही थोड्या प्रमाणभूत उद्गमांवरून ठरविले जाते. ह्या कंप्रतेवर आकाशाची पार्श्वभूमीच प्रखर असून आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ ती पुष्कळ वाढते. त्यामुळे प्रमाणभूत उद्गमाकडे पाहताना व लक्ष्याकडे पाहताना ग्राहकाची अवस्था एकच असेल असे नाही. त्या फरकाची नोंद राहिली नाही तर तो तेजाच्या आकड्यात उतरतो. तापमानाची नोंद चुकलेल्या साखळीसारखीच ही स्थिती आहे.

ह्याचा परिणाम कोठे होतो? १०० मिलिजान्स्कीवरील उद्गम गोंगाटाच्या सुमारे २८ पट तेजस्वी असतात. तेथे एडिंग्टनची अतिरिक्त संख्या अवघी अर्धा टक्का भरते. गोंगाट हा येथे प्रश्नच नाही. परंतु ह्या तेजाच्या आसपास, मर्यादेवरील एकूण संख्या जवळजवळ तेजाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून प्रमाण १० टक्क्यांनी चुकले तर गणनाही सुमारे १० टक्क्यांनीच चुकते.

पृथ्वीच्या गतीमुळे उद्गमांच्या गणनेत एक द्विध्रुवी असमता यावयास हवी, हे एलिस व बाल्डविन यांनी १९८४ मध्ये दाखविले. पार्श्वप्रारणावरून सूर्यमालेचा वेग सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर निघतो. त्यावरून, गणनेचा उतार १ व वर्णपटांक ०.७५ धरल्यास, अपेक्षित असमता ०.००४६ येते. परंतु बेंगॅली, मार्टेन्स व सान्तोस यांनी २०१८ मध्ये टीजीएसएसवरून काढलेली असमता ०.०७ च्या घरात, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे पंधरापट होती. अमेरिकेच्या १४०० मेगॅहर्ट्‌झवरील एनव्हीएसएस यादीवरून ती सुमारे ०.०२ आली. मोठ्या कोनांवर विश्व एकसारखे आहे हे विश्वरचनाशास्त्राचे मूलभूत गृहीत आहे. ते गृहीत ढळले, की खोडदच्या मोजणीचे प्रमाण ढळले, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

मापनत्रुटी हे उत्तर सोयीचे आहे. तथापि तेही आकड्यांनी सिद्ध झाले पाहिजे. आकाशाचे समान तुकडे पाडले आणि प्रत्येकात गणनेची १० टक्के स्वतंत्र त्रुटी मानली, तर तीतून उद्भवणारी द्विध्रुवी असमता ०.३ भागिले तुकड्यांच्या संख्येचे वर्गमूळ एवढी येते. प्रत्येक रोखणीची त्रुटी स्वतंत्र असती तर ५,३३६ तुकड्यांवरून ही असमता ०.००४ आली असती, म्हणजे अपेक्षित संकेताच्या जवळपास. त्रुटी रात्रीगणिक एकसारखी धरून २०० स्वतंत्र तुकडे मानले, तरी ती ०.०२ च होते. ०.०७ गाठण्यासाठी १० टक्क्यांची त्रुटी अवघ्या १८ तुकड्यांत, म्हणजे प्रत्येकी सुमारे २,००० चौरस अंशांच्या क्षेत्रात एकसारखी असावी लागेल. नाही तर ती १० टक्क्यांहून पुष्कळ मोठी असावी लागेल.

ह्या हिशेबावरून दोन्ही पक्षांना काही सांगता येते. जे ०.०७ ह्या आकड्यास विश्वाचा गुणधर्म मानतात त्यांनी हे पाहावे की अपेक्षित संकेताएवढी खोटी असमता ह्या सर्वेक्षणाच्या कबूल केलेल्या त्रुटीतून सहज उद्भवते. अपेक्षित संकेत मोजावयाचा तर आकाशाच्या दोन विरुद्ध अर्धांतील प्रमाणाचा फरक अर्ध्या टक्क्याच्याही पुष्कळ खाली असावा लागतो. उलट, ‘प्रमाण १० टक्क्यांनी चुकले आहे’ एवढे म्हणून जे ह्या आकड्याची वासलात लावतात, त्यांच्यावर त्रुटीचा विस्तार दाखविण्याचे दायित्व आहे. तिवारी, घोष व जैन यांनी २०१९ मध्ये ह्याच यादीत मोठ्या कोनांवर दिसणारी अतिरिक्त संरचना स्थानावलंबी प्रमाणत्रुटीशी जोडून पाहिली. ही दिशा योग्य आहे, कारण तीत त्रुटीला केवळ नाव न देता तिची कोनीय व्याप्ती तपासली जाते.

६

अशा त्रुटीच्या शोधनाचे तीन मार्ग सध्या प्रचलित आहेत. तिघांचीही परीक्षा केली पाहिजे.

पहिला मार्ग दुसऱ्या सर्वेक्षणाशी तुलना करून प्रत्येक तुकड्याचे प्रमाण बदलण्याचा. हर्ली-वॉकर यांनी हाच अवलंबिला. कंप्रता जवळची व आकाश मोठ्या अंशी समान असल्याने ग्लीम त्यासाठी योग्य आहे. परंतु ह्यात एक तार्किक बंधन येते. ज्या प्रमाणाने शोधन झाले त्याच प्रमाणाने पडताळणी करता येत नाही. ग्लीमशी जुळविलेली यादी ग्लीमशी जुळते ह्यात काही सिद्ध होत नाही, आणि ग्लीममधील मोठ्या कोनांवरील त्रुटी तीत सहीसलामत उतरतात. मोठ्या कोनांवरील असमतेविषयी ही दोन सर्वेक्षणे त्यानंतर दोन साक्षीदार राहत नाहीत. एकच साक्ष दोनदा नोंदल्यासारखे होते.

दुसरा मार्ग वर्णपटांकाचा. १४७.५ व १४०० मेगॅहर्ट्‌झ यांमधील सरासरी वर्णपटांक आकाशाच्या सर्व भागांत सारखाच असावा असे मानून, जेथे तो ढळतो तेथे प्रमाण चुकले असे समजावयाचे. ह्या दोन कंप्रतांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक २.२५ आहे, म्हणून प्रमाणातील १० टक्क्यांची त्रुटी वर्णपटांकात केवळ ०.०४ एवढी दिसते. एकेका उद्गमाच्या वर्णपटांकाचा पसरट ०.२ धरला, तर १०० उद्गमांच्या तुकड्यात प्रमाण ४.५ टक्क्यांपर्यंत ठरविता येते. १ टक्क्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे २,००० उद्गम हवेत, म्हणजे तुकडा मोठा करावा लागतो आणि त्रुटीचा सूक्ष्म आकार हातचा निसटतो. शिवाय एनव्हीएसएसही निर्दोष नाही. तिच्या निरीक्षणांत आकाशकांची मांडणी क्रांतीनुसार बदललेली असून, त्यामुळे मंद उद्गमांच्या दाटीत क्रांतीप्रमाणे फरक पडतो, हे ब्लेक व वॉल यांनी २००२ मध्ये नोंदविले होते.

तिसरा मार्ग संशयित भाग वगळण्याचा. तो प्रामाणिक आहे, पण त्यात एक धोका संभवतो. कोणता भाग वगळावयाचा हे जर अपेक्षित उत्तराशी विसंगती पाहून ठरविले, तर उरलेला भाग अपेक्षेस अनुकूलच असणार. वगळण्याचा निकष उद्गमांच्या गणनेवरून ठरविता कामा नये. गोंगाट, आयनांबराची अवस्था, कार्यरत आकाशकांची संख्या अशा, उत्तराशी संबंध नसलेल्या नोंदींवरूनच तो आधी ठरला पाहिजे.

ह्या तिन्ही मार्गांत जी उणीव राहते ती त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने आपल्या परीने भरून काढली होती. लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने साखळीऐवजी दोन धातूंचे, तापमानाचा परिणाम स्वतःच भरून काढणारे दंड आणविले, आणि बीदरची आधाररेषा १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ याने त्या दंडांनी पुन्हा मोजली. जुन्या साखळीची दुरुस्ती जुन्याच साखळीने न करता, भिन्न तत्त्वाच्या उपकरणाने थोड्या निवडक रेषा मोजावयाच्या आणि सबंध जाळे त्यांवर तपासावयाचे, ही ती रीत. रेडिओ सर्वेक्षणातही ह्याचा अर्थ असा होतो की संपूर्ण आकाश पुन्हा मोजणे अवश्य नाही. आकाशाच्या परस्परविरुद्ध भागांतील काही शे उद्गमांचे तेज, प्रत्येक रोखणीपूर्वी व नंतर ग्राहकाच्या तापमानाची नोंद करून, एकाच प्रमाणावर स्वतंत्रपणे मोजले, तर अशा तपासरेषांचे काम ते करू शकतील. शोधनासाठी एक संच व पडताळणीसाठी दुसरा, असे ते प्रारंभीच वेगळे ठेवले पाहिजेत.

७

येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्राप्त आहे. शोधनाचा अतिरेकही ज्ञानाचे नुकसान करतो. एव्हरेस्टच्या चापावरील कल्याणपूर व कलियाना ह्या दोन स्थानांतील अक्षांशांचे अंतर त्रिकोणांवरून व ताऱ्यांवरून काढले असता ५.२३६ विकलांचा फरक उरला. एव्हरेस्टने तो मोजणीची त्रुटी समजून हिशेबात वाटून टाकला. १८५५ मध्ये जॉन प्रॅट याने हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळतो असे मांडून गणित केले, तेव्हा फरक १५.८८५ विकलांचा, म्हणजे तिप्पट निघाला. पर्वत इतके कमी का ओढतो, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षी जॉर्ज एअरी याने दिले : पर्वतांच्या मुळाशी हलक्या द्रव्याचा साठा असला पाहिजे. भूपृष्ठाच्या समतोलाची कल्पना अशा रीतीने एका उरलेल्या फरकातून जन्मली. त्रिकोणांच्या जाळ्यात तो फरक सर्वत्र सारखा पसरविला गेला, आणि तेवढ्यावरच प्रकरण मिटले असते, तर ती कल्पना लांबणीवर पडली असती.

द्विध्रुवी असमतेच्या प्रश्नातही हा इशारा लागू पडतो. सेक्रेस्ट व सहकारी यांनी २०२१ मध्ये अवरक्त प्रकाशातील क्वेसारांच्या यादीवरून, म्हणजे सर्वस्वी निराळ्या उपकरणाने, अपेक्षेच्या दुपटीहून अधिक असमता सांगितली आहे. टीजीएसएसचा ०.०७ हा आकडा जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट आहे. परंतु प्रमाण दुरुस्त करताना असमता शून्यावर किंवा अपेक्षित मूल्यावर आणणे हेच शोधनाचे गमक मानले, तर खरा अवशेष असल्यास तोही पुसला जाईल. शोधनाची यशस्विता उत्तर अपेक्षेस जुळते की नाही ह्यावरून ठरत नाही. शोधनात न वापरलेल्या मोजण्यांशी ते जुळते की नाही, हीच तिची कसोटी आहे.

एकंदरीत पाहता, टीजीएसएस हे स्थाने, आकार व एकेका उद्गमाचा अभ्यास ह्यांसाठी उत्कृष्ट, आकाशाच्या एका मर्यादित भागातील गणनेसाठी उपयुक्त, आणि संपूर्ण आकाशाच्या असमतेसाठी, आज ज्या रूपात उपलब्ध आहे त्या रूपात, अपुरे सर्वेक्षण आहे. त्याचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकांनी तेजाच्या आकड्याबरोबर तो उद्गम कोणत्या रोखणीतून व कोणत्या रात्री मोजला गेला ही नोंदही बाळगावी. यादीची सातपट मर्यादा व गणनेसाठी निवडलेली मर्यादा यांत पुरेसे अंतर ठेवावे. दुसऱ्या सर्वेक्षणाशी जुळवून घेतलेली यादी स्वतंत्र पुरावा म्हणून पुढे करू नये. आणि प्रत्येक निष्कर्षासोबत त्रुटीच्या आकाराबरोबर तिचा आकाशातील विस्तारही सांगावा. ह्यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे. सध्याच्या बहुतेक याद्या उद्गमागणिक एक त्रुटी छापतात. शेजारच्या उद्गमांच्या त्रुटी परस्परांशी किती बांधलेल्या आहेत हे त्या सांगत नाहीत. पुढील सर्वेक्षणांच्या कर्त्यांनी हा एक रकाना अधिक भरला, तर द्विध्रुवी असमतेवरील आजच्या वादाचा पुष्कळसा भाग निरीक्षणानेच निकालात निघेल.